डोळा सुजवला सगळ्यांनी, झेरॉक्स कुणीच काढली नाही

टाकबोरू

परवाच्या चर्चेत वाचनवेडा यांनी लिहिलं होतं : "२००४ च्या सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या बनावट-कागद प्रकरणात तिकडच्या व्यंगचित्रकारांनी माध्यमांना आरसा दाखवला, आपल्याकडच्यांनी तो धडा गिरवावा." हे वाक्य मला मान्य नाही. का ते सविस्तर लिहितो.

८ सप्टेंबर २००४, सीबीएसच्या '६० मिनिट्स' या बातमी-कार्यक्रमाचा बुधवारचा भाग. निवेदक डॅन रॅदरने चार टिपणं दाखवली. १९७२-७३ मधली, टेक्सासच्या हवाई नॅशनल गार्डमधले लेफ्टनंट कर्नल किलियन यांच्या नावावरची. धाकट्या बुशने (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष) गार्डमध्ये असताना वैद्यकीय तपासणीचा हुकूम पाळला नाही आणि वरून दबाव आला, असा मजकूर. किलियन १९८४ मध्येच वारलेले. प्रक्षेपणाच्या रात्रीच इंटरनेटवर कुणीतरी अक्षरांच्या अंतरावर बोट ठेवलं : हे त्या काळच्या टाइपरायटरचं काम वाटत नाही. २० सप्टेंबरला सीबीएसने कागद खरे असल्याची खात्री देता येत नाही म्हणत माफी मागितली.

चित्रं काय आली? सीबीएसचं बोधचिन्ह असलेला डोळा मारामारीत सुजलेला. टाइपरायटरशी बसलेला रॅदर. रॅदरचं लांबट नाक. डोळा, टाइपरायटर, नाक, आणि पुन्हा डोळा. एकच कल्पना चौघांपाचजणांना सुचली की तिकडचे व्यंगचित्रकार त्याला 'याट्झी' म्हणतात. इथे आठवडाभर तेच चाललं होतं.

चूक घडली कुठे ते पाहा. मिळालेल्या एकूण सहापैकी दोन कागद २ सप्टेंबरला सीबीएसच्या हातात आले, उरलेले चार ५ तारखेला, आणि ८ ला प्रक्षेपण. मूळ प्रत नाहीच. देणारा बर्केट, टेक्सास नॅशनल गार्डमधला निवृत्त अधिकारी, नंतर म्हणाला की मूळ कागद जाळले. कागद त्याला कुणी दिले याचंही उत्तर त्याने मागाहून बदललं. तपासायला बोलावलेल्या जाणकारांपैकी दोघींनी आधीच शंका घेतली होती. ज्याच्या नावावर सीबीएसने भिस्त ठेवली त्याने फक्त सही पाहिली होती, आणि सही झेरॉक्सवरून पाहून काय कळतं? पेनाचा दाब दिसत नाही, कुठली रेघ आधी ओढली ते दिसत नाही, दुसऱ्या कागदावरून चिकटवली आहे का तेही दिसत नाही.

यातलं काहीही चित्रात आलं नाही. चित्रात आला एक ओळखीचा चेहरा आणि एक ओळखीचं बोधचिन्ह. याला आरसा म्हणायला माझी तयारी नाही.

वाचनवेडा

टाकबोरू, तुम्ही व्यंगचित्राकडून पंचनाम्याची अपेक्षा करता आहात. सीबीएसने चौकशीला नेमलेल्या थॉर्नबर्ग-बोकार्डी समितीचा अहवाल २२४ पानांचा होता आणि तो आला १० जानेवारी २००५ ला. व्यंगचित्रकाराला दुपारी विषय मिळतो आणि संध्याकाळी चित्र द्यायचं असतं. कागद २ तारखेला आले की ५ ला, हे त्या आठवड्यात त्याला कुठून ठाऊक असणार? आज अहवाल हाताशी घेऊन तुम्ही त्यांना नापास करता आहात, हे न्याय्य नाही.

बोधचिन्हाबद्दल. विल्यम गोल्डनचा तो डोळा १९५१ पासून लोकांच्या घरात आहे. दोन कमानी आणि मधे बुबुळ, संपलं. वाचक पान उलटता उलटता तीन सेकंद थांबतो. तेवढ्यात 'हे कुणाबद्दल आहे' ते कळलं नाही तर पुढचं सगळं वाया. तीन आकारांत जे ओळखू येतं ते सोडून कागद कुणाकडून कुणाकडे आले त्याची साखळी काढत बसलं, तर प्रत्येक डब्यावर नाव लिहावं लागतं. नावांच्या पाट्या लावलेलं चित्र म्हणजे आकृती झाली, व्यंगचित्र नव्हे.

आणि त्या चित्रांनी एक गोष्ट नक्की केली. एरवी राजकारण्यांवर रोखलेला कुंचला आपल्याच धंद्यावर रोखला. ते कमी लेखू नका.

जुना कंपोझिटर

दोघांचंही एका ठिकाणी चुकतंय. या प्रकरणात चित्रात आणण्याजोगी खरी वस्तू होती ती म्हणजे वर चढलेला बारका 'टीएच'. बुशच्या तुकडीच्या '१११th' या क्रमांकातला. वर्डमध्ये आकड्याला लागून टीएच लिहून स्पेस दाबली की तो आपोआप लहान होऊन वर चढतो. टिपणांत काही ठिकाणी तो वर चढलाय, काही ठिकाणी मधे जागा सोडल्यामुळे ओळीतच राहिलाय. संगणकावर भरभर लिहिणाऱ्याच्या हातून नेमकं हेच होतं.

व्यंगचित्रकारांनी तो वापरला नाही असं नाही, पण वर्तमानपत्राच्या कागदावर तो टिकत नाही. न्यूजप्रिंट शाई पिते, चित्राचे ठिपके इंचाला ८५ रेषांच्या जाड जाळीतून पडतात, सहा पॉइंटच्या खालचं अक्षर भरून येतं. तीन कॉलमी चित्रात हातातल्या कागदावरचा टीएच दिसायला हवा तर तो मूळ अक्षराएवढाच मोठा काढावा लागतो, आणि मग त्यातला मुद्दाच जातो. तेव्हा 'कुणीच काढलं नाही' म्हणताना छपाईची मर्यादा लक्षात घ्या.

खटपट्या

हा टीएचचा पुरावा वीस वर्षं फिरतोय आणि तो कच्चा आहे. टाइपरायटरवर टीएच होता! किलियनच्या कार्यालयातल्या टंकलेखिका मॅरियन नॉक्स यांनी स्वतः सांगितलं की त्यांच्या ऑलिंपिया यंत्रावर टीएचची वेगळी कळ होती. बुशच्या खऱ्या नोंदींतही बारका टीएच सापडतो. सारख्या अंतराऐवजी कमीजास्त रुंदीची अक्षरं म्हणाल, तर तशी अक्षरं मारणारा आयबीएम एक्झिक्युटिव्ह टाइपरायटर १९४० च्या दशकापासून होता आणि सिलेक्ट्रिक कंपोझर हे यंत्र १९६६ पासून. 'त्या काळी शक्यच नव्हतं' हे विधान साफ खोटं आहे, आणि त्याच विधानावर चित्रं काढली गेली. तुम्ही व्यंगचित्रकारांवर कमी तपासल्याचा आरोप करता आणि स्वतः मात्र ऐकीव गोष्ट पुढे ढकलता.

जुना कंपोझिटर

खटपट्या, आवाज चढवण्याआधी यंत्र कसं चालतं ते बघा. 'शक्यच नव्हतं' असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

एक्झिक्युटिव्हवर अक्षराला दोन ते पाच एककं. बारीक 'आय'ला दोन, बहुतेकांना तीन, सर्वांत रुंद अक्षरांना पाच. मागे येण्याची कळ एकेका एककाने मागे येते. म्हणजे एक अक्षर चुकलं तर ते किती एककांचं होतं हे टंकलेखकाला पाठ हवं. मथळा मध्यभागी आणायचा तर आधी ओळीतल्या सगळ्या अक्षरांची एककं मोजायची, रुंदीतून वजा करायची, निम्मी करायची. किलियनच्या दोन टिपणांचे मथळे महिन्यांच्या अंतराने लिहिलेले, तरी एकमेकांवर तंतोतंत बसतात.

कंपोझरवर टीएच चढवायचा तर अक्षरांचा गोळा काढा, लहान मापाचा गोळा घाला, त्या मापाचा अंतराचा खटका बदला, रूळ अर्धी ओळ फिरवा, दोन अक्षरं मारा, मग सगळं उलट करा. फायलीत ठेवायच्या खाजगी टिपणासाठी हे कोण करेल? शिवाय कंपोझरची रुंदी नऊ एककांच्या हिशेबाची, वर्डमधला टाइम्स फाँट मोनोटाइप कंपनीच्या अठरा एककांच्या हिशेबातून आलेला. त्यामुळे ओळ लांबत गेली की फरक साचत जातो. इथे मात्र वर्डच्या न बदललेल्या मांडणीत, डावी-उजवी सव्वा इंच समास ठेवून तोच मजकूर टाइप केला तर ओळी त्याच शब्दावर तुटतात. चार्ल्स जॉन्सन या ब्लॉगरने दोन्ही एकावर एक ठेवून लुकलुकणारं चित्र बनवलं. त्या आठवड्यातलं सर्वांत नेमकं व्यंगचित्र कुठलं म्हणाल तर मी त्याकडे बोट दाखवेन, आणि ते व्यंगचित्रकाराने काढलेलंच नाही.

नॉक्सबाईंची टीएचची कळ मान्य. पण ऑलिंपियावर सगळी अक्षरं सारख्या रुंदीची. एक प्रश्न सुटला, दुसरा तसाच राहिला. आणि त्याच नॉक्सबाईंनी सांगितलं की ही टिपणं मी टाइप केलेली नाहीत.

खटपट्या

आणि पुढे हेही म्हणाल्या की मजकूर खरा आहे! ते का गाळलंत? समितीनेही 'बनावट' असा शिक्का ठामपणे मारलेला नाही. टायटेल या टाइपरायटर-तज्ज्ञाचं मत परिशिष्टात आहे की ती संगणकावर केलेली आहेत. ते मत मी नाकारत नाही. पण 'सिद्ध झालं' आणि 'तज्ज्ञाला वाटलं' यात फरक आहे, आणि पत्रकारितेच्या विश्वासार्हतेवर बोलणाऱ्यांनी तरी तो फरक पाळावा.

मात्रावेलांटी

अवांतर होईल, पण फाँटवरून कागद पकडण्याचा विषय निघालाय आणि आपल्याकडे याचा रोज उपयोग आहे, म्हणून लिहिते.

मराठीत जुना म्हणून दाखवलेला कागद तपासताना अक्षराच्या वळणाआधी तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, अंतर. रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी यंत्रावर गाडी ठरावीक अंतरानेच सरकते, म्हणून 'र'च्या आजूबाजूला जागा सुटते आणि रुंद अक्षरं खेटतात. वेलांटी-मात्रेच्या कळीने गाडी सरकत नाही, त्यामुळे मात्रा अक्षराच्या थोडी अलीकडे-पलीकडे पडते, आणि एकाच यंत्रावर ती प्रत्येक वेळी त्याच बाजूला पडते. दुसरी, जोडाक्षरं. यंत्रावर नसलेलं जोडाक्षर पाय मोडून लिहिलेलं असतं. १९८० च्या दाखल्यात सगळी जोडाक्षरं सुबक एकाखाली एक दिसली तर थांबा. 'मंगल' फाँट विंडोज २००० बरोबर आला, त्याआधीच्या तारखेचा कागद मंगलमध्ये असूच शकत नाही. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित, शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. १९५० सालच्या कागदात 'नांव', 'कांहीं', 'घरें' यांतलं एकही न सापडता सगळं आजच्यासारखं 'नाव', 'काही', 'घरे' दिसलं, तर फाँटकडे वळायचीही गरज नाही.

पाकिस्तानात २०१७ मध्ये हेच झालं. मरियम नवाझ यांचा फेब्रुवारी २००६ चा दस्त कॅलिब्री फाँटात होता, आणि कॅलिब्री बाजारात आला २००७ मध्ये. तिथेही चाचणी आवृत्ती आधी मिळत होती हा बचाव झालाच.

जुना कंपोझिटर

मात्रावेलांटी, अनुस्वाराचा मुद्दा फार मोलाचा. एक भर घालतो : १९६२ नंतरही जुन्या वळणाचे कारकून अनुस्वार देत राहिले, म्हणून अनुस्वार असणं संशयास्पद नाही. १९५० मध्ये ते नसणं संशयास्पद. उलट दिशेने निष्कर्ष काढू नये.

आणि पाय मोडलेली जोडाक्षरं जुन्या संगणकी फाँटातही असत. नुसत्या तेवढ्यावरून 'यंत्रावरचं' ठरवू नका, अंतर बघाच.

खटपट्या

मंगलचा नियमही अर्धाच सांगितलात. जुन्या कागदाची नक्कल नंतर पुन्हा टाइप करून 'खरी नक्कल' म्हणून दिली जाते. तिच्यावर तारीख जुनी आणि फाँट नवा असं कायदेशीररीत्या होऊ शकतं. खाली नक्कल दिल्याची तारीख आणि शिक्का आहे का ते आधी बघा, मग बोंब मारा. असल्या अर्धवट चाचण्यांनी खऱ्या माणसांचे दाखले अडकतात.

मात्रावेलांटी

नक्कलेचं बरोबर आहे, ते लिहायला हवं होतं. 'बोंब मारा' ही भाषा मात्र नको. मी कुणाचा दाखला अडकवलेला नाही.

टाकबोरू

मंडळी, दाखले आणि शुद्धलेखन यांची दुसरीकडे सोय करा. पण मात्रावेलांटींच्या तिसऱ्या मुद्द्याने मला माझ्या मुद्द्यावर परत आणलं, त्यासाठी आभार.

फाँटकडे न वळताही हे कागद अडकले असते. १८ ऑगस्ट १९७३ च्या टिपणात गार्डमधला वरिष्ठ कर्नल स्टॉट दबाव आणतोय असा मजकूर आहे. स्टॉट निवृत्त झाला मार्च १९७२ मध्ये, म्हणजे सतरा महिने आधी. निवृत्त माणूस दबाव आणू शकत नाही असं नाही, पण हे वाचल्यावर वार्ताहराने पाच फोन करायला हवे होते. आणि ही माहिती त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत छापून आली होती, वाचनवेडा. टेक्सासमधल्या अबिलीन गावच्या झेरॉक्स-दुकानाचा शिक्का फॅक्सच्या माथ्यावर आहे, हेही सीबीएसच्या माफीआधीच आलं. तेव्हा 'त्यांना कुठून ठाऊक' हा बचाव सगळ्या मुद्द्यांना लागू होत नाही.

आता डोळ्याबद्दल. इंग्रजीत सुजलेला काळा डोळा म्हणजे अब्रूला लागलेला डाग. चित्र त्या वाक्प्रचाराचं नुसतं भाषांतर आहे. शब्द ठाऊक असले की चित्र बघायची गरज उरत नाही. शिवाय मार खाल्लेला डोळा म्हणजे कुणीतरी मारलं. सीबीएस त्यात बळी ठरतं! मराठीत तोच डोळा काढायचा तर हाताशी किती काय आहे : डोळेझाक, डोळ्यांवर कातडं ओढणं, डोळ्यात धूळ, उघड्या डोळ्यांनी खड्ड्यात उडी. यातल्या प्रत्येकात डोळेवाल्याची स्वतःची करणी आहे. तीच त्या चित्रांत नव्हती.

आणि आकृतीशिवाय साखळी दाखवता येते. एकच चौकट. डावीकडे काडीने पेटलेला कागद, शेजारी त्याची झेरॉक्स, तिच्याशेजारी झेरॉक्सची झेरॉक्स, प्रत्येक आधीच्याहून मळकट, आणि उजव्या टोकाला निवेदक शेवटचा काळा ठिपक्यांचा कागद धरून ठणठणीत आवाजात वाचतोय. एकही पाटी नको.

वाचनवेडा

हे चित्र चांगलं आहे. पण ते सुचायला तुम्हाला अहवाल, वीस वर्षं आणि हा धागा लागला. स्टॉटच्या निवृत्तीबद्दल मात्र मागे हटतो. ते तेव्हा छापून आलं होतं.

'मार खाल्लेला' बद्दल नाही हटत. तिकडच्या वाचकाला तो डोळा बघून दया येत नाही, नाचक्की दिसते. त्या भाषेतलं चित्र आपल्या भाषेच्या वाक्प्रचाराने मोजू नका.

शाईचा डाग

तुम्ही सगळे कुंचल्यावर बोलताय, पगारावर कुणी बोलत नाही. सीबीएस वाहिनी होती. तिच्यावर चित्र काढणारे वर्तमानपत्रांत नोकरीला होते. दुसऱ्याच्या घरावर दगड मारायला धैर्य लागत नाही. परीक्षा होते ती आपल्या मालकाचं घर जळतं तेव्हा.

जुलै २०११, लंडन. माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने लोकांच्या व्हॉइसमेलमध्ये घुसून बातम्या काढल्याचं प्रकरण फुटलं, १६८ वर्षांचा पेपर १० जुलैला बंद झाला. घुसण्याची रीत साधी : एकाने नंबर लावून फोन गुंतवून ठेवायचा, दुसऱ्याने त्याच वेळी लावायचा म्हणजे तो व्हॉइसमेलवर जातो, मग कंपनीने दिलेला आणि मालकाने कधीच न बदललेला पिन मारायचा. १९ ला मर्डॉक संसदीय समितीसमोर. २१ ला मर्डॉकच्याच 'द टाइम्स'मध्ये व्यंगचित्रकार पीटर ब्रुक्सचं चित्र : उपाशी सोमाली मुलं, आणि त्यांतलं एक म्हणतंय की फोन-हॅकिंगने माझं पोट भरलंय (इंग्रजी वाक्प्रचारात : वीट आलाय). शीर्षक, 'प्राधान्यक्रम'. आदल्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी सोमालियाच्या दोन भागांत दुष्काळ जाहीर केला होता.

चित्र म्हणून त्यात दोष नाही, रेषा उत्तम. पण मालकावरचा प्रकाशझोत उपाशी मुलाकडे वळवणं हे मला सहन होत नाही.

आणि आपल्याकडे? २००९ ची विधानसभा, पैसे घेऊन छापलेल्या बातम्या, म्हणजे 'पेड न्यूज'. एकाच नेत्याचं गुणगान, शब्दन् शब्द तेच, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी. पत्रकार पी. साईनाथांनी ते 'हिंदू'त मांडलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांचा त्यावरचा ७१ पानी अहवाल कौन्सिलने आधी पूर्ण बाहेर काढलाच नाही. तो २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर आला. त्या दैनिकांपैकी कुठल्या पानावर त्यावर व्यंगचित्र छापता आलं असतं, ते सांगा. सांगाच.

वाचनवेडा

ब्रुक्सच्या चित्रामागे मालक होता असं धरून चालता येणार नाही. दुष्काळ खरा होता आणि दोन आठवडे पहिल्या पानावर दुसरं काही नव्हतं हेही खरं. तेच चित्र दुसऱ्या पेपरात आलं असतं तर तुम्ही वाखाणलं असतं.

शाईचा डाग

बरोबर! दुसऱ्या पेपरात वाखाणलं असतं. हाच तर मुद्दा आहे. व्यंगचित्र कुठल्या पानावर छापलंय हा त्या चित्राचाच भाग आहे. हेतू ब्रुक्सचा काहीही असो, त्या पानावर त्या दिवशी ते चित्र मालकाचं वकीलपत्र घेतं.

उलट उदाहरण घ्या. व्यंगचित्रकार ॲन टेल्नेस, 'वॉशिंग्टन पोस्ट'. कच्च्या चित्रात ट्रम्पच्या पुतळ्यापुढे पैशांच्या थैल्या घेऊन झुकलेले धनाढ्य, त्यांत पोस्टचे मालक बेझोस, 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे मालक सून-शिआँग, आणि जमिनीवर लोटांगण घातलेला मिकी माउस. डिस्नेच्या एबीसीने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्पशी दीड कोटी डॉलरची तडजोड केली होती, तिचा तो मिकी. एकही पाटी नको, टाकबोरू म्हणतात तसं. चित्र नाकारलं गेलं, जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २००८ पासून तिथे होत्या.

खटपट्या

पूर्ण सांगा. संपादक शिप्ली यांचं म्हणणं होतं की त्याच विषयावर एक स्तंभ नुकताच छापला होता, दुसरा ठरलेला होता, म्हणून पुनरावृत्ती टाळली. पटो न पटो, ती बाजू नोंदवा.

शाईचा डाग

नोंदवली. पटत नाही. त्याच न्यायाने सीबीएसचा सुजलेला डोळा दुसऱ्यांदा कुठेच छापला गेला नसता. आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ मध्ये काय केलं? आंतरराष्ट्रीय आवृत्तीत नेतान्याहूंचं एक आक्षेपार्ह चित्र छापलं गेलं. ते बाहेरून घेतलेलं होतं, निवडलं संपादकीय टेबलाने. उपाय म्हणून १ जुलैपासून राजकीय व्यंगचित्रंच बंद. तिथले व्यंगचित्रकार शापात आणि हेंग यांचा त्या चित्राशी काडीचा संबंध नसताना त्यांची जागा गेली. २०२३ मध्ये मॅक्लॅची या वर्तमानपत्र समूहाने तीन पुलित्झर-विजेते व्यंगचित्रकार एकाच दिवशी काढले. चूक तपासणीची, आणि कापला जातो कुंचला.

टाकबोरू

शाईचा डाग, हे मला मान्य करावं लागेल. २००४ च्या चित्रांवर मी आळसाचा ठपका ठेवला, त्यात नोकरीचा हिशेब धरलाच नव्हता. तरी सीबीएसच्या बाबतीत तो हिशेब आड येत नव्हता, तुम्हीच म्हणालात की घर दुसऱ्याचं होतं. तिथे तरी झेरॉक्स काढता आली असती.

जुना कंपोझिटर

काढणार असाल तर एक सांगून ठेवतो. तुमच्या चौकटीत पुढच्या प्रत्येक कागदावर अक्षरं नुसती फिकट करू नका. झेरॉक्सच्या झेरॉक्सला कडा सुजतात, 'ए' आणि 'ई'ची पोटं भरतात, बारीक टोकं गळतात. चौथ्या प्रतीवर अक्षर कुठल्या फाँटाचं ते छातीठोक सांगता येत नाही. पण दोन अक्षरांमधलं अंतर आणि ओळ कुठे तुटते ते तसंच राहतं, आणि कागद पकडले गेले ते त्यावरच. तेव्हा अक्षरांचा चिखल करा, पण पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत ओळी त्याच जागी तुटू द्या.